हतान तोराचा मान बोलीवर नको

संपादक महोदय,

सुक्कोथचा (मांडवांचा) सण संपताना, हिब्रू पंचांगातल्या तिश्री महिन्याच्या 23 तारखेला, आमचा बेने इस्रायली म्हणजे मराठी ज्यू समाज सिम्हाथ तोरा साजरा करतो. वर्षभर शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, थोडी थोडी वाचलेली तोरा (मोशेची पाच पुस्तके) त्या सकाळी पूर्ण होते आणि लगेच पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरू होते. शेवटच्या भागासाठी ज्याला बोलावतात तो हतान तोरा, म्हणजे तोरेचा नवरदेव. पहिल्या भागाचा मानकरी हतान बरेशीथ, म्हणजे आरंभाचा नवरदेव. हे दोन मान बोली लावून देण्याची पद्धत बऱ्याच सिनेगॉगांत (आमच्या प्रार्थनास्थळांत) आहे. ती थांबवावी आणि हे मान सिनेगॉग चालू ठेवणाऱ्या माणसांना द्यावेत, यासाठी हे पत्र.

तेरा वर्षांवरचे दहा पुरुष जमले नाहीत तर सेफेर तोरा, म्हणजे तोरेची चर्मपत्राची गुंडाळी, बाहेर काढून वाचता येत नाही. 1948 नंतर कोकणातली बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली. अलिबाग, रेवदंडा, पनवेल इथली सिनेगॉग उभी आहेत, पण दहावा माणूस मिळवताना दमछाक होते. सणाच्या दिवशी वाहन चालवायचे नाही हा नियम पाळला तर मदतीला येणाऱ्यांनी सण लागण्याआधीच मुक्कामाला यावे लागते. अशा ठिकाणी दर शब्बाथला चालत येणारा, हेखलची (सेफेर ठेवण्याच्या पवित्र कपाटाची) किल्ली सांभाळणारा, पावसाळ्यात चर्मपत्राला बुरशी धरू नये म्हणून सेफेर उघडून पाहणारा माणूस हाच खरा देणगीदार. रक्कम मोठी नसल्याने बोलीत तो मागे पडतो.

बोलीचे उत्पन्न लागतेच, हे मान्य. तेबाभोवतीच्या (वाचनाच्या चौथऱ्याभोवतीच्या) सात फेऱ्या, हेखल उघडणे, सेफेर उचलणे यांची बोली खुशाल ठेवा. सणाला पैसे हाताळायचे नसतात आणि लिहायचेही नसते, म्हणून नावांची कार्डे आधी तयार करून कडेला रकमांच्या पट्ट्या ठेवाव्यात आणि आकडा ठरला की पट्टी दुमडावी. हतानांची दोन नावे मात्र कमिटीने तिश्रीच्या आधीच्या एलूल महिन्यातच ठरवून रोश हशानाला, म्हणजे नववर्षाला, जाहीर करावीत.

इतक्या आधी नावे हवीत, कारण तयारी बरीच असते. मानकऱ्याचे आणि त्याच्या वडिलांचे हिब्रू नाव हजानकडे, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्याकडे, लेखी हवे. ऐनवेळी तेबावर विचारपूस सुरू झाली की वृद्ध माणूस गोंधळतो. वाचनाआधीचा आणि नंतरचा आशीर्वाद देवनागरीत, मोठ्या अक्षरांत लिहून द्यावा. कोणता भाग कोणाचा हेही सांगून ठेवावे. हतान तोराचा भाग तोरेतल्या अनुवाद या शेवटच्या पुस्तकात 33:27 पासून 34:12 पर्यंत, हतान बरेशीथचा उत्पत्ती या पहिल्या पुस्तकात 1:1 पासून 2:3 पर्यंत. त्याआधीचे अनुवाद 33 मधले भाग पुन्हा पुन्हा वाचून बहुतेक सर्वांना बोलावता येते. हतान तोराच्या अगदी आधी मुलांची पाळी, सगळ्यांवर तल्लीथ (प्रार्थनेची शाल) धरून. हा क्रम मोडू नये. मुले कंटाळून बाहेर पळाली की त्यांना गोळा करण्यात सगळे खोळंबतात, म्हणून एका मोठ्या माणसावर तेवढीच जबाबदारी असावी.

त्या सकाळी तीन सेफेर लागतात: अनुवादच्या शेवटासाठी एक, उत्पत्तीसाठी दुसरा, मफ्तीरसाठी (समारोपाच्या वाचनासाठी) गणना या पुस्तकात 29:35 वर लावलेला तिसरा. तिन्ही सणाआधीच जागेवर आणून ठेवावेत. एकच सेफेर असेल तर शेवटापासून सुरुवातीपर्यंत सगळा गुंडाळावा लागतो, आणि घाईत ओढाताण झाली की शिवण उसवते. कापडी आवरणातला सेफेर वाचनानंतर उघडा उचलायचा असेल तर आणखी एक काळजी. वाचून झालेला भाग उजव्या दांड्यावर जमतो. म्हणून अनुवादच्या शेवटी सगळा भार उजवीकडे असतो आणि बरेशीथला डावीकडे. दुसऱ्या सेफेरला डावखुरा किंवा दणकट माणूसच हवा. मान वयाने मोठ्या सभासदाला द्यावा, उचलण्याचे काम तरुणाला. सेफेर हातून पडला तर उपास धरण्याची परंपरा आहे, इतकी ती गंभीर गोष्ट.

शाल, श्रीफळ, मानपत्र हा आपला मराठी रिवाज आम्हालाही प्रिय आहे. पण तो त्या दिवशी नको. सणाला फुले तोडता येत नाहीत, फोटो काढायचे नसतात, आणि फेऱ्यांच्या मध्ये भाषणे घुसली की गाणे थंडावते. सत्कार पुढच्या रविवारी ठेवावा. त्यात आणखी दोघांना जागा मिळते. एक, सणाचे जेवण रांधणाऱ्या आणि सभागृह लख्ख ठेवणाऱ्या बायका. ज्या सिनेगॉगांत त्यांना तेबावर बोलावत नाहीत, तिथे त्यांचे नाव वर्षभर कुठेच घेतले जात नाही. दुसरे, आमच्या काही सिनेगॉगांचे मुसलमान राखणदार. सणाला आत दिवे लावण्यापासून कुलूप घालण्यापर्यंत त्यांचीच धावपळ असते, आणि तोरेसमोर त्यांना बोलावता येत नाही.

सिम्हाथ तोराची बातमी घ्यायला आपल्या वृत्तपत्राने छायाचित्रकार पाठवावा, पण त्या रविवारी. तोवर कमिटीकडून दोन्ही हतानांची नावे मराठी अक्षरांत लिहून घ्यावीत; इंग्रजीवरून उतरवताना आमची आडनावे नेहमी चुकतात.

– एक बेने इस्रायली वाचक, ठाणे