जे बोलायचं ते त्यांच्या देखत

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

मानसिक आजाराच्या रुग्णांना आणि घरच्यांना एकत्र बसवून बोलायचं तू ठरवलंस, फार बरं वाटलं. त्याआधी फिनलंडमधल्या तोर्निओची पद्धत नीट समजून घे. तिथल्या केरोपुदास रुग्णालयात १९८४ साली नियम केला: रुग्णाबद्दल जे बोलायचं, ठरवायचं, ते त्याच्या देखत. मानसशास्त्रज्ञ याक्को सेइक्कुला आणि सहकाऱ्यांनी त्यातून घडवलेली पद्धत म्हणजे ‘ओपन डायलॉग’, म्हणजे खुला संवाद.

मदत मागितल्यापासून २४ तासांत पहिली बैठक, बऱ्याचदा घरीच. उपचार करणाऱ्या गटातले दोन-तीन कार्यकर्ते, रुग्ण, घरचे. रुग्णाला हवा असेल तर शेजारीही. साधारण दीड तास. सुरुवातीला दोनच प्रश्न: आज बसायचं कसं ठरलं? आणि हा वेळ कशासाठी वापरू या? पहिल्याचं उत्तर प्रत्येकाकडून घे. ‘भावानं आणलं म्हणून आलो’ एवढ्यावरूनही काळजी कोणाला आहे आणि बळंच कोण आलंय, ते उघड होतं. पुढे कार्यकर्ते शक्यतो बदलत नाहीत.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो मधला भाग. कार्यकर्ते एकमेकांकडे वळून, सगळ्यांसमोरच, आपल्याला काय ऐकू आलं ते बोलतात. याचं मूळ नॉर्वेतल्या ट्रोम्सोत. १९८५ साली मनोविकारतज्ज्ञ टॉम आंडरसन यांच्या गटाने एकाच बाजूने दिसणाऱ्या काचेआडून कुटुंबाचं ऐकता ऐकता दिवे आणि आवाजाची दिशा उलटी केली. आता तज्ज्ञ बोलत होते आणि कुटुंब ऐकत होतं. ज्याच्याविषयी बोलतोय तो ऐकतोय म्हटल्यावर भाषाच बदलते. ‘पेशंट ऐकत नाही’ हे तोंडातून निघत नाही. ‘गोळ्यांची त्यांना भीती वाटत असेल का?’ असं निघतं, आणि तो प्रश्न विचारणाऱ्यालाही तो माणूस वेगळा दिसू लागतो. दोन-तीन मिनिटं पुरे. निदानाचे शब्द टाळ, त्यांचेच शब्द वापर, मग विचार: ‘यावर काही बोलावंसं वाटतं का?’

चुकतं कुठे, तेही सांगतो. घरातला कर्ता एकटाच बोलत राहतो, म्हणून सुरुवात गप्प बसलेल्यापासून कर. भास होत असतील तर ‘तसं काही नसतं’ म्हणू नकोस; आवाज काय म्हणतो, कधीपासून, ते विचार. शांतता पसरली की आपल्यालाच घाई होते आणि सल्ला सुटतो. घरात मारहाण होत असेल तर एकत्र बैठक नकोच. जिला त्रास होतोय तिला आधी एकटीला भेट.

तोर्निओत मनोविकाराची औषधं शक्यतो पहिल्याच बैठकीत सुरू करत नाहीत, आधी त्यावर बोलतात. पण चालू गोळ्या तू थांबवायला सांगू नकोस, ते डॉक्टरांबरोबरच ठरू दे. शिवाय तिथले मूळ अभ्यास लहान गटांवरचे आहेत, तेव्हा घरच्यांना बरं होण्याची हमी देऊ नकोस.

पहिल्या दिवशी टेबल बाजूला कर, खुर्च्या गोल मांड, आणि नोंदी मराठीत ठेव, म्हणजे ज्यांच्याविषयी लिहिलंय त्यांनाही वाचता येतील.

तुझा,
मित्र