रविवारची हुरडा सहल: लहान मुलं असलेल्यांसाठी

बस सकाळी ७ वाजता गेटवरून निघेल, थांबणार नाही. मागच्या वेळसारखं "दूध गरम होतंय" चालणार नाही!

शिरूरकडे सध्या ज्वारी हुरड्यावर आली आहे. शेतावर आगटी पेटलेली असेल. गोवऱ्यांचे निखारे वरून राखेने झाकले की विझल्यासारखे दिसतात, पण आत धग असते. त्यामुळे आगटीभोवती मुलांचा हात सोडू नका. विहिरीला कठडा नाही, तिकडे मोठ्यांशिवाय कुणी जायचं नाही. उसाचा पाला कापतो, म्हणून पूर्ण बाह्या, फुलपँट आणि बूट घाला. पहाटे थंडी, दुपारी ऊन, टोपी हवीच.

पाच वर्षांच्या आतल्यांना अख्खे शेंगदाणे आणि बिया न काढलेली बोरं देऊ नका, घशात अडकतात. हुरडाही थोडाच, नीट चावून. लसणाची चटणी झणझणीत असते, मुलांसाठी दही-गूळ आहे. चिप्सची पाकिटं कृपया घरीच ठेवा.

बस लागणाऱ्या मुलांना पुढच्या सीट देऊ. नावं शुक्रवार रात्रीपर्यंत कळवा, शेतकरी कणसं त्या हिशोबाने काढणार आहेत.