पप्पांच्या नंतरचं, फोनवर सांगायचं राहिलेलं

प्रिय बाळा, सलाम.

परवा फोनवर तू विचारलंस ना, मम्मी तुझा आवाज बरा वाटतोय, गोळ्या बदलल्या का. गोळ्या त्याच आहेत रे, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय बंद करणार पण नाही. बाकीचं फोनवर नीट सांगता येईना म्हणून लिहितेय.

पप्पा गेल्यावर घरी येणारे बरेच जण म्हणायचे, प्रभूची इच्छा, रडू नका, तुम्ही विश्वासात आहात. खरं सांगते, त्या बोलण्याने मला जास्त त्रास झाला. विश्वासात असणाऱ्याने रडू नये असं कुठे लिहिलंय? मित्र लाजर मेला तेव्हा त्याच्या कबरेपाशी येशू स्वतः रडला. आणि बायबलमधल्या त्या दुःखी ईयोबाचे मित्र बघ, सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक शब्द बोलले नाहीत, तेवढंच त्यांचं बरोबर होतं, पुढे बोलायला लागले आणि बिचाऱ्याला अजून दुखावलं.

आपल्या चर्चच्या महिला मंडळाच्या बायका मात्र नुसत्या येऊन बसायच्या. कोणी भाजी निवडायची, कोणी चहा टाकायची, दोघींनी तर माझ्याबरोबर पप्पांचं कपाट आवरलं, ते मला एकटीला होतच नव्हतं. प्रार्थना करायच्या ती पण छोटीशीच. पाळकसाहेबांच्या मिसेसनी सरळ विचारलं झोप लागते का, नाही म्हटल्यावर त्याच मला डॉक्टरकडे घेऊन गेल्या. आपल्यात अजूनही काही जण डिप्रेशनला विश्वास कमी पडला म्हणतात, ते साफ चूक आहे, प्रार्थना पण करायची आणि औषध पण घ्यायचं.

रविवारी उपासनेत मला गाता यायचं नाही, गळा दाटून यायचा. मग कॉटेज प्रेयर, म्हणजे घरातली प्रार्थनासभा, आपल्या घरी ठेवली, पेटी, ढोलकी, टाळ सगळं आलं आणि कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं भजन सुरू झालं, तेव्हा मी जी रडले ती मोकळी होईपर्यंत रडले, कोणी गप्प बस म्हटलं नाही, भजन चालूच ठेवलं. रेव्हरंड टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, ख्रिस्ती झाले, पण अभंग कीर्तन सोडलं नाही, ते सगळं चर्चमध्ये आणलं, याचे उपकार मला त्या दिवशी कळले. परक्या चालीवर एवढं आतलं बाहेर आलं नसतं असं मला वाटतं. शेजारच्या काकू पण आल्या होत्या, त्या त्यांच्या देवाचं सगळं करतात तरी आता दर वेळी येतात, टाळ त्यांच्याच हातात असतो. टिळकांनी 1917 ला देवाचा दरबार नावाचा ख्रिस्तभक्तांचा संघ काढला त्यात बाप्तिस्मा झालेले न झालेले दोघांना जागा होती, मग आपल्या हॉलमध्ये का नको.

तुला चर्चला जाच म्हणत नाही, मोठा आहेस, देवावर रागावला असशील तर रागाव, बायबलमधली स्तोत्रं लिहिणारे पण रागावलेत. पण तू पप्पांबद्दल कुणाशीच बोलत नाहीस, ऑफिस आणि फ्लॅट एवढंच, त्याची मला काळजी वाटते. पुण्यात मराठी उपासना होतात, एकदा जाऊन नुसता मागे बस, तिथल्या तरुण संघातली कोणी पोरं चहाला थांब म्हणाली तर थांब. आणि झोप लागत नसेल तर डॉक्टरला दाखव, माझ्यापासून लपवू नको.

या रविवारी सकाळी फोन करू नको, उपासनेनंतर आम्ही तिघी एका बाईकडे जाणार आहोत, तिचे मिस्टर नुकतेच गेले. स्वयंपाक इथूनच करून नेतोय. संध्याकाळी कर.

तुझी मम्मी