कॅसल आतून की बाहेरून, ते आधी विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्ट्या जवळ आल्या की पर्यटन पुरवण्यांतून आणि सहलींच्या जाहिरातींतून ‘एका दिवसात स्कॉटिश हायलँड, लॉख नेस आणि कॅसल’ असा मजकूर येऊ लागतो. सोबत पाण्याच्या काठावरच्या एका पडक्या बुरुजाचा फोटो. एडिंबऱ्याहून सकाळी आठला निघून रात्री आठ-साडेआठला परतणारी ही सहल वाईट मुळीच नाही. पण तिच्यात काय आहे आणि काय नाही, हे कुणी नीट सांगत नाही. मग बसमधून उतरताना मराठी कुटुंबे ड्रायव्हरलाच विचारतात, ‘तो किल्ला कुठे राहिला?’

आधी हिशेब मांडू. एडिंबऱ्याहून ग्लेन्को आणि फोर्ट विल्यममार्गे लॉख नेसच्या, म्हणजे नेस तलावाच्या, दक्षिण टोकाचे फोर्ट ऑगस्टस गाठायचे आणि ए-९ रस्त्याने परतायचे, तर पाचशे किलोमीटरहून जास्त अंतर पडते. त्यातला बराच रस्ता जाण्यायेण्याला एकेकच मार्गिका असलेला. अशा रस्त्यावर बसला ताशी ५० मैलांची, म्हणजे ८० किलोमीटरची मर्यादा आहे, आणि पुढे एखादी कॅम्परव्हॅन आली की तेवढाही वेग मिळत नाही. म्हणजे साडेसात-आठ तास सीटवरच जातात. उरलेल्या वेळाची वाटणी साधारण अशी: किलमाहोगला केसाळ गायी आणि स्वच्छतागृह मिळून वीस मिनिटे, ग्लेन्कोत पंधरा, जेवणाला पाऊण तास, फोर्ट ऑगस्टसला दीड-दोन तास (बोटीची फेरी त्यातच), परतताना पिटलॉख्रीला अर्धा तास. यात कॅसल कुठेच नाही. जाहिरातीतला तो पडका बुरूज अर्कर्ट कॅसलचा. तो फोर्ट ऑगस्टसच्या पुढे २८ किलोमीटरवर, ड्रमनाड्रॉखिट गावाजवळ आहे, आणि फोर्ट ऑगस्टसहून सुटणारी तासाभराची बोट तिथवर जातच नाही. तेव्हा कार्यक्रमपत्रिकेत या दोन गावांपैकी कोणते नाव आहे, एवढे पाहिले तरी निम्मी फसगत टळते.

‘अजून दहा मिनिटे थांबा हो’ ही विनंती तिथे का चालत नाही, तेही सांगायला हवे. छोट्या बसमध्ये ड्रायव्हरच गाइड असतो. साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटांची विश्रांती त्याला कायद्याने सक्तीची आहे, आणि दिवसभराच्या ड्रायव्हिंगला साधारण नऊ तासांची कमाल मर्यादा आहे. गाडीतला टॅकोग्राफ मिनिटामिनिटाची नोंद ठेवतो. सकाळी कुणी वीस मिनिटे उशिरा आले, तर ती वीस मिनिटे संध्याकाळच्या थांब्यातून कापली जातात. म्हणूनच बस वेळेवर सुटते आणि मागे राहिलेल्याला पैसेही परत मिळत नाहीत.

‘कॅसल’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे राजगड किंवा सिंधुदुर्ग उभा राहतो, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. हायलँडमधले बहुतेक कॅसल म्हणजे एखाद्या कुळाच्या सरदाराची तटबंद राहती वास्तू. आपल्याकडच्या गढीच्या किंवा भुईकोट वाड्याच्या जवळची. माची, बालेकिल्ला, चोरदरवाजा शोधायला गेलात तर पदरी निराशाच येईल. चूल, दिवाणखाना, जिना आणि खिडकी पाहायला गेलात तर दोन तास कमी पडतील.

अशा वास्तू खरोखर पाहायच्या असतील, तर लॉख नेसचा हट्ट सोडून पश्चिमेचा फेरा घ्यावा. एडिंबऱ्याहून डून, कॅलंडर, टाइनड्रम, लॉख ऑ, इन्व्हरेरी, लॉख लोमंडकाठचे लस हे गाव आणि परत. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. ग्लासगोहून निघालात तर त्याहूनही कमी, कारण लॉख लोमंड तिथून पाऊण तासावर आहे. या फेऱ्यात ग्लेन्को नाही, हे आधीच सांगतो. तिथले ते अंगावर येणारे डोंगर या वाटेवर भेटत नाहीत. त्यासाठी वेगळा दिवस काढावा.

डूनचा कॅसल चौदाव्या शतकाच्या अखेरीचा, ऑल्बनीचा ड्यूक रॉबर्ट स्ट्यूअर्ट याचा. राजाच्या नावाने राज्याचा कारभार हाकणारा माणूस. आपल्या भाषेत पेशवाच म्हणा. इथे स्वयंपाकघर चुकवू नका. साडेपाच मीटर रुंदीची चूल, आणि समोरच्या भिंतीत थेट मुख्य दालनाकडे ताटे सरकवायला कमानदार खिडक्या. चुलीपाशी उभे राहून वर पाहिले की धुराडे केवढे आहे ते कळते. आत जायचे असेल तर पाऊण तास लागतो. पुष्कळ सहली इथे फक्त दहा मिनिटांचा ‘फोटो स्टॉप’ देतात, तेव्हा नोंदणी करतानाच विचारून घ्यावे.

लॉख ऑच्या टोकाला किलखर्न कॅसल आहे. सुमारे १४५० मध्ये ग्लेनॉर्कीच्या कॅम्बेल घराण्याने तो बांधला, सतराव्या शतकाच्या अखेरीस त्याला सैनिकांच्या बराकी जोडल्या, आणि १७६० मध्ये वीज पडून तो निकामी झाला. त्या वेळी कोसळलेल्या कोपऱ्यावरच्या मनोऱ्याचा एक तुकडा आजही अंगणात उलटा पडलेला आहे, टोक खाली नि तळ वर. वाहनतळापासून रेल्वेपुलाखालून दहा मिनिटांची पायवाट आहे. ही जागा मुळात बेट होती. १८१७ मध्ये तलावाची पातळी खाली आणली तेव्हा ती जमिनीला जोडली गेली. मोठा पाऊस झाला की पायवाटेवर पाणी चढते आणि तिचे पुन्हा बेट होते. अशा वेळी बस पलीकडच्या काठावर, ए-८१९ रस्त्यालगत थांबवतात. फोटोसाठी जागा तीच चांगली, पण तो उलटा मनोरा काही तिथून दिसत नाही. दगडी बांधकामाच्या तपासणीसाठी अशा भग्न वास्तूंचे काही भाग अधूनमधून बंद ठेवतात. निघायच्या आदल्या दिवशी हिस्टॉरिक एन्व्हायरन्मेंट स्कॉटलंड या सरकारी वास्तू सांभाळणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावे.

इन्व्हरेरीचा कॅसल दिसायला सर्वांत ‘परीकथेतला’, आणि लढाईशी सर्वांत कमी संबंध असलेला. त्याची पायाभरणी १७४६ ची. त्याच वर्षी १६ एप्रिलला कलोडनच्या माळावर तासाभराच्या आत जॅकोबाइट बंड, म्हणजे पदच्युत स्ट्यूअर्ट राजघराण्याला पुन्हा गादीवर बसवण्यासाठीचे बंड, चिरडले गेले आणि हायलँडमधला कुळांचा लष्करी जमाना संपला. म्हणजे हा हवेलीच्या जमान्यातला कॅसल. कोपऱ्यांवरची शंकूची टोपडी तर १८७७ च्या आगीनंतर चढवलेली. आर्गाइलच्या ड्यूकचे कुटुंब अजून तिथे राहते. आत शस्त्रदालनाचे छत २१ मीटर उंच आहे आणि भिंतींवर बंदुका-भाले चक्राकार मांडले आहेत. तिकीट सहलीच्या शुल्कात बहुधा नसते. एडिंबरा, स्टर्लिंग, डून, अर्कर्ट या सरकारी वास्तूंना मिळून चालणारा एक्सप्लोरर पासही इथे चालत नाही, कारण ही खासगी मालमत्ता. जेवण आणि कॅसल मिळून दीड तास दिला असेल, तर आधी कॅसल पाहावा आणि सूप-सँडविच नंतर हातात घ्यावे.

इन्व्हरेरीहून परतताना ‘रेस्ट अँड बी थँकफुल’ हा घाटमाथा लागतो, उंची २४६ मीटर. अठराव्या शतकात लष्करी रस्ता बांधणाऱ्या सैनिकांनी इथे त्याच शब्दांचा दगड लावला: विसावा घ्या आणि आभार माना. पावसात इथे वरंध किंवा ताम्हिणीसारखीच दरड येते. मग खालच्या जुन्या लष्करी रस्त्याने एका वेळी एका बाजूची वाहने ताफ्याने सोडतात. तोही बंद झाला, तर डॅलमली-टाइनड्रमवरून मोठा वळसा पडतो आणि लसचा थांबा हातचा जातो. याला सहल कंपनीचा इलाज नाही. तिच्याशी वाद घालून उपयोग होत नाही.

खिडकीचा प्रश्न मराठी माणसाला जिव्हाळ्याचा, म्हणून नेमके सांगतो. लॉख नेसच्या सहलीत जाताना डावी बाजू धरावी: लॉख लब्नेग, ग्लेन्कोतले ‘थ्री सिस्टर्स’ हे तीन डोंगर आणि लॉख लिनी, सगळे डावीकडे. पश्चिमेच्या फेऱ्यात लब्नेग डावीकडे, लॉख ऑ आणि लॉख फाइन उजवीकडे, आणि शेवटी लॉख लोमंड पुन्हा डावीकडे. एकाच खिडकीत सगळे बसत नाही, तेव्हा जेवणानंतर समोरच्यांशी जागा बदलून घेणे उत्तम.

उच्चाराचेही एक. इंग्रज ‘लॉक’ म्हणतात, कारण घशातला ‘ख’ त्यांना जड जातो. आपल्याला तो जमतो, तर ‘लॉख’च म्हणावे. फोर्ट ऑगस्टसला त्याचा उपयोगही होतो: तिथे लॉख आहे आणि कॅलेडोनियन कालव्याचे पाच लॉकही आहेत, म्हणजे बोटी चढवायच्या-उतरवायच्या जलपायऱ्या. शिवाय लॉख म्हणजे तलावच असेही नाही. लॉख फाइन आणि लॉख लिनी या समुद्राच्या खाड्या आहेत. भरती-ओहोटी येते, काठावर शेवाळ दिसते.

हंगामाबाबत जाहिराती सर्वांत जास्त गप्प. दिवाळीच्या सुट्टीत, विशेषतः ती नोव्हेंबरात आली तर, या सहलीला जाऊ नये असे आमचे स्पष्ट मत आहे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे तासभर मागे जातात आणि नोव्हेंबरच्या मध्याला चार-सव्वाचारलाच सूर्य मावळतो. परतीचा सगळा रस्ता अंधारात. इन्व्हरेरी कॅसल हिवाळाभर बंद, किलखर्नचे दारही बंद. उलट मे महिना उत्तम. वर्षातला त्यातल्या त्यात कोरडा काळ, नऊपर्यंत उजेड, आणि मिज माश्यांचा त्रास नुकता कुठे सुरू होणारा. या माश्या मोहरीपेक्षा लहान, पण झुंडीने येतात, जुलै-ऑगस्टात कहर. ढगाळ, दमट आणि वारा पडलेला असला की त्या निघतात, वारा सुटला की उडूच शकत नाहीत. म्हणून फिकट रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे, कीटकांना दूर ठेवणारे २० टक्के पिकारिडिनचे मलम, आणि थांब्यावर आडोसा न शोधता वाऱ्यात उभे राहणे. पावसाचे म्हणाल, तर फोर्ट विल्यमला वर्षाला सुमारे २००० मिलिमीटर पडतो. महाबळेश्वरला त्याच्या दुपटीहून जास्त. पण आपला चार महिन्यांत उरकतो, तिथला बारा महिने येत-जात राहतो, आणि आडवा येतो. छत्री उलटी होते. टोपीचे जलरोधक जाकीट हवे.

शाकाहारींनी दोन गोष्टी विचारल्याशिवाय खाऊ नयेत. तिथले डाळीचे सूप परंपरेने डुकराच्या हाडाच्या पाण्यात शिजते, आणि बटाट्याच्या चिप्स पुष्कळ ठिकाणी गोमांसाच्या चरबीत तळतात. पदार्थ दिसायला निर्धोक, म्हणून फसगत होते. शॉर्टब्रेड आणि ‘टॅबलेट’ नावाची, आटीव दूध, साखर आणि लोण्याची रवाळ वडी यांत सहसा अंडे नसते. बसमध्ये गरम पदार्थ चालत नाहीत. दशम्या आणि चटणी चालते, डबा घट्ट झाकणाचा असावा. लहान मूल सोबत असेल तर आधी वयाची अट पाहा. छोट्या बसच्या पुष्कळ सहलींत पाच वर्षांखालच्या मुलांना घेत नाहीत.

आयलन डोनन हा कॅलेंडरवरचा कॅसल पाहायचाच असेल, तर मुक्काम इन्व्हरनेसला हलवावा. तिथून तो शंभर किलोमीटरवर आहे. एक माहिती मात्र असू द्यावी: मूळ वास्तू १७१९ मध्ये ब्रिटिश आरमाराने उडवून दिली, दोनशे वर्षे ती पडीक होती, आणि आज दिसते ती १९३२ मध्ये पुरी झालेली पुनर्बांधणी आहे. तो सीफोर्थच्या मॅकेन्झी घराण्याचा ठाणेबंद कॅसल. याच घराण्याने १७९३ मध्ये उभी केलेली ब्रिटिश सैन्याची ७८ वी हायलँडर पलटण पुढे २३ सप्टेंबर १८०३ रोजी आपल्या जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर उभी होती. अशा हायलँडर पलटणींचे संग्रहालय इन्व्हरनेसजवळच्या फोर्ट जॉर्जमध्ये आहे. १७६९ मध्ये पुरा झालेला, कोनदार बुरुजांचा, समुद्राला भिडलेला फोर्ट जॉर्ज हाच तिथला मराठी अर्थाने ‘किल्ला’. तटावरून फिरायला निवांत तास लागतो, आणि आपल्या जाहिरातींत त्याचे नाव क्वचितच असते.

आपल्याकडून एक अपेक्षा आहे. सहलींवरचे लेख छापताना प्रत्येक कॅसलच्या नावापुढे ‘आतून’ किंवा ‘बाहेरून’ एवढा एक शब्द, आणि तो कोणत्या महिन्यांत उघडा असतो ते छापावे. जाहिरातदारांकडूनही तेवढे लिहून घेता आले तर पाहावे.

आपले,
स्कॉटलंडमध्ये पर्यटन व्यवसायात असलेले काही मराठी वाचक, एडिंबरा