कर्बाचा सौदा करण्याआधी माती तोला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

'जमिनीत कर्ब साठवा, कार्बन क्रेडिटचे पैसे मिळवा' अशा बातम्या हल्ली वरचेवर वाचायला मिळतात. कर्ब म्हणजे कार्बन; तो जमिनीत साठवून हवेतला जेवढा कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्याच्या दर टनामागे एक क्रेडिट, आणि ते विकता येते. केंद्राने जानेवारी २०२४ मध्ये शेतीसाठी ऐच्छिक कार्बन बाजाराची (म्हणजे सक्तीविना होणाऱ्या क्रेडिटच्या खरेदी-विक्रीची) चौकट जाहीर केली. माझा या कल्पनेला विरोध नाही. पण विकायचा तो टन मोजणार कसा, हे एकाही बातमीत सापडत नाही.

जमीन आरोग्य पत्रिकेवर सेंद्रिय कर्ब टक्क्यांत दिलेला असतो. टक्क्यांचे टन करायचे तर मातीचे वजन हवे आणि त्यासाठी तिची घनता. पत्रिकेतल्या १२ बाबींत घनता नाही. हेक्टरभर जमिनीचा १५ सेंमीचा थर म्हणजे १५०० घनमीटर, घनमीटरला १.४ टन धरले तर २१०० टन माती. कर्ब अर्धा टक्का असेल तर साडेदहा टन. आता अहवालात तो ०.५ वरून नुसता ०.६ टक्के झालेला दिसला, की २.१ टन कर्ब, म्हणजे (एक टन कर्बाचा सुमारे ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड होतो, त्या हिशेबाने) जवळपास ७.७ टन कार्बन डायऑक्साइड कागदावर चढतो. एवढा फरक तर एकाच शेतात बांधाजवळचा आणि मधला नमुना यांतही पडतो. गुरे बसवलेल्या जागेची माती पिशवीत आली तर विचारूच नका!

विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत आणखी एक गोम आहे. तिथे चुनखडी भरपूर, आणि चुनखडीतही कर्ब असतोच. नमुना जाळून 'एकूण कर्ब' काढला आणि आधी आम्लाने चुना घालवला नाही, तर शेणखताचा आणि चुनखडीचा कर्ब एकाच आकड्यात येतो. विना-नांगरणीचेही तसेच. वरच्या थरात कर्ब वाढलेला दिसतो, खोलवरची माती तपासली की बराचसा फायदा विरतो.

कर्ब वाढत नाही असे नाही. इंग्लंडमधल्या रोथमस्टेड संशोधन केंद्राच्या ब्रॉडबाल्क शेतावर १८४३ पासून प्रयोग चालू आहे. दरवर्षी हेक्टरी सुमारे ३५ टन शेणखत घातलेल्या तुकड्यात कर्ब दुपटीहून वर गेला, पण कित्येक दशकांनी, आणि वाढीचा वेग सुरुवातीला जास्त, पुढे मंद. तिथल्याच हूसफील्ड शेतातल्या एका तुकड्याला १८५२ ते १८७१ एवढीच वर्षे शेणखत मिळाले. शंभर वर्षांनंतरही तिथे शेजारच्या बिनखताच्या तुकड्यापेक्षा कर्ब जास्त होता. मात्र खत थांबल्यावर तो घसरत गेला, हेही तितकेच खरे. तेही थंड हवेच्या देशात. आपल्या उन्हात सेंद्रिय पदार्थ किती झपाट्याने कुजतो हे शेतकऱ्याला सांगायला नको, आणि दरवर्षी हेक्टरी ३५ टन शेणखत आणायचे कुठून?

ताग-धैंचा हिरवळीचे खत म्हणून जमिनीत गाडा, उसाचे पाचट कुजवा, कपाशीची पऱ्हाटी पेटवू नका, हे सल्ले क्रेडिट मिळो न मिळो, पाळण्यासारखेच आहेत. जमिनीत ओल टिकते, खत लागू पडते. प्रश्न फक्त कराराचा आहे. दोन दुष्काळी वर्षांत कर्ब उतरला, भावाभावांत वाटणी झाली किंवा जमीन विकली, तर घेतलेले पैसे परत कोणी करायचे? नमुना किती खोलीचा, घनता कोण मोजणार, चुनखडी वजा होणार का? आपल्या वार्ताहरांनी एखाद्या कंपनीचा करार मिळवून त्यातली ही कलमे जशीच्या तशी छापावीत, ही विनंती.

आपला,
एक शेतकरी वाचक, परभणी