पेटी तापू दे म्हणणाऱ्या काकांना

काका, सादर नमस्कार.

मे महिन्यातल्या त्या दुपारी तुम्ही सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत, आमच्या टॉवेलच्या कारखान्यात आलात, तेव्हा बाहेर 43 अंश होतं. लूम चालू असताना सुताचा तूस किती उडतो, ते तुम्ही पाहिलंत. त्यानेच आधीच्या कॉम्प्युटरचा पंखा दोनदा गच्च झाला, म्हणून आम्ही ही बिनपंख्याची छोटी पेटी, म्हणजे पंखा नसलेला छोटा कॉम्प्युटर घेतला आणि तूस बसू नये म्हणून तिच्यावर टॉवेल टाकून ठेवला. दुपारी चलन काढायला घेतलं की ती अगदी मंद व्हायची. दुकानातून एकच उत्तर मिळालं होतं : नवी घ्या.

तुम्ही टॉवेल काढलात, अर्धा तास थांबलात आणि मला पेटीवर हात ठेवायला लावलात. कोमट होती. स्क्रीनवर मात्र आतली चिप 98 अंश! "ही पेटीच चिपचा पंखा. चिप एवढी तापलेली आणि पेटी कोमट, म्हणजे उष्णता वाटेतच अडकलीय." उघडल्यावर दिसलं, चिप आणि झाकणामधली थर्मल पेस्ट, म्हणजे चिपची उष्णता झाकणाकडे नेणारा लेप, वाळून खडूसारखी झालेली, वर एक स्क्रू सैल. जुनी पेस्ट पुसून मसुराएवढी नवी लावलीत. स्क्रू मात्र माझ्याकडून आवळून घेतलेत, समोरासमोरचे, थोडे थोडे. एकच बाजू आधी आवळली तर दुसरीकडे फट राहते, हे तेव्हा हाताला कळलं.

मग पेटी इतकी तापली की मी घाबरून हात काढला. तुम्ही म्हणालात, "तापू दे. आता ती काम करतेय." चिप 81 वर आली होती.

पेटी भिंतीपासून चार बोटं सोडून उभी बसवलीत, म्हणजे खाचांमधून गरम हवा सरळ वर निघून जाते. बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये, चिपची 15 वॅटची मर्यादा 10 वर आणलीत. चलनाला आणि हिशेबाला तेवढं पुष्कळ होतं. खोलीच 41 अंशांवर असेल तर पेटी त्याहून थंड होणार नाही, हेही स्पष्ट सांगितलंत. खाचांतला तूस मी दर आठवड्याला कोरड्या ब्रशने काढते.

सगळा उन्हाळा एकही चलन अडकलं नाही. तुम्ही पैसे घेतले नाहीत, फक्त ताक घेतलंत. "दोन वर्षांनी पेस्ट पुन्हा बघ," म्हणाला होतात. झाकणाच्या आत मी तारीख लिहून ठेवली आहे. तेव्हा नक्की या. पेस्ट मी लावेन, तुम्ही शेजारी बसून बघा.

आपली,
कारखान्याचे हिशेब लिहिणारी