काढ्यालाही कसोटी हवी

महोदय,

विषाणूजन्य श्वसनविकारांवरील चिनी वनौषधींना सरसकट थोतांड ठरवणे आणि त्या डोळे झाकून घेणे, या दोन्ही गोष्टी मला सारख्याच खटकतात. २००९च्या स्वाइन फ्लूच्या साथीत चीनमध्ये ४१० रुग्णांवर झालेल्या चाचणीत माहुआंग, जिप्सम, ज्येष्ठमध आदींचा पारंपरिक काढा घेणाऱ्यांचा ताप साधारण १६ तासांत उतरला, तर ओसेल्टामिविर हे फ्लूवरील विषाणूरोधक औषध घेणाऱ्यांना २० आणि यांपैकी काहीही न घेणाऱ्यांना २६ तास लागले. हा निष्कर्ष दुर्लक्षिण्याजोगा नाही. मात्र कोणाला काय दिले जात आहे, हे त्यात सर्वांनाच ठाऊक होते; त्यामुळे औषधाविषयीच्या अपेक्षेचा निकालावर परिणाम होण्याची शक्यता उरते.

कोविडकाळात गाजलेल्या ‘लियानहुआ छिंगवन’ या कॅप्सूलच्या २८४ रुग्णांवरील चाचणीतही हीच उणीव होती. ताप, थकवा व खोकला लवकर कमी झाल्याचे आढळले, पण शरीरातून विषाणू जाण्याच्या वेळेत लक्षणीय फरक पडला नाही. तरीही २०२२मध्ये हाँगकाँगमध्ये ती सरकारी पाकिटांतून घरोघरी वाटली गेली.

या औषधातील माहुआंग म्हणजे पेरापेरांच्या, झाडूच्या काड्यांसारख्या दिसणाऱ्या बारीक हिरव्या देठांची वनस्पती. तिच्यातील एफेड्रिनमुळे श्वासनलिका मोकळ्या होतात, तसाच रक्तदाब आणि हृदयाचा वेगही वाढतो. ‘वनस्पतीच ती, अपाय काय होणार?’ असे म्हणत परदेशातून अशी पाकिटे मागवणाऱ्या रक्तदाबाच्या रुग्णांनी आधी आपल्या डॉक्टरांना ती दाखवावीत, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, पुणे